एक मिळवला, दोन वाढले

६५५१६ + १ = ६५५१८. राजुऱ्यातल्या एका मुलीच्या वहीत ही बेरीज पाहिली. शेजारी लाल पेनानं बरोबरची खूणही होती. खूण करणाऱ्या मॅडमच्या सी प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकलला मग मुद्दाम जाऊन बसलो.

टर्बो सीचा तोच निळा पडदा, टेबलावर नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’, कव्हर गेलेलं. पाच पूर्णांकांचा ॲरे घेतला, पॉइंटरमध्ये पहिल्या घराचा पत्ता ठेवला, तो छापला: ६५५१६. पॉइंटरमध्ये एक मिळवला: ६५५१८.

“दोन कायले वाढले जी, मॅडम?”

मॅडमनी उत्तर दिलं नाही. ‘इंट’च्या जागी ‘कॅरेक्टर’ करायला लावलं. पत्ता एकानं वाढला. ‘फ्लोट’ केल्यावर चारनं. मग म्हणाल्या, “आपण त्याले बाइट मोजायला सांगतच नाही. पुढच्या घरी जा म्हणतो. घर केवढं, ते टाइप सांगतो.”

“माणिकगड स्टेशनातल्या कोळशाच्या गाडीवानी,” मागून एक पोरगा बोलला. “पुढचा डबा म्हणजे एक पाऊल नाही जी.”

वजाबाकीत सगळे फसले. ६५५२४ मधून ६५५१६ गेले, वहीत ८. पडद्यावर ४, कारण मधली घरं चारच. दोन पॉइंटरांची बेरीज मात्र कंपायलरनं सरळ नाकारली: इनव्हॅलिड पॉइंटर ॲडिशन. दोन पत्ते मिळवून तिसरा पत्ता निघत नाही.

टर्बो सी कालबाह्य आहे, हे मान्य. नोकरीत ते कुणी विचारणार नाही. पण ६५५१६ हा आकडा वहीत मावतो. इथे स्टॅक ६४ केबीच्या तुकड्याच्या टोकापासून खाली उतरतो, म्हणून पत्ते ६५५३६ च्या अलीकडेच घुटमळतात. आजच्या ६४-बिट लिनक्सवर अक्षरं-आकडे मिसळलेला लांबलचक पत्ता येतो, आणि बहुधा दर खेपेला नवा. पहिल्या तासाला मला तरी हा जुना निळा पडदाच बरा वाटतो.

एकीनं लूप एक घर जास्त फिरवलं. पाच घरांनंतर ६५५२६ वरूनही एक संख्या आली, चूक काही दाखवली नाही. “हे कुणी ठेवलं?” ती विचारत राहिली. तिनं तर ठेवलं नव्हतं. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली, तेव्हापासून कुंपण सांभाळायचं काम लिहिणाऱ्याकडेच आहे.

पुढच्या आठवड्यात लिनक्स. तिथे इंट केवढा, हा प्रश्न आलाच.

“चार.”

“मग दोन पाठ कायले केलं?”

मॅडमनी फळ्यावर ‘साइझऑफ’ लिहिलं आणि सगळ्यांना जर्नलमधला २ खोडायला लावला.