कुजण्यासाठी विणलेली जाळी

जुलै 2015 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली, माणसे गेली. त्यानंतर बोरघाटातल्या कड्यांवर पोलादी जाळ्या चढल्या. त्या हव्यातच, सुटलेला धोंडा मऊ कापडाला दाद देत नाही. पण लोणावळा ओलांडून मावळात शिरले की दुखणे बदलते. फार्महाऊस आणि प्लॉटिंगच्या रस्त्यांसाठी कापलेले मुरमाचे उघडे उतार पहिल्या पावसातच ओघळतात. ती माती पवना धरणात नाहीतर इंद्रायणीत जाते.

अशा उतारावर काथ्याची जाळी कामाला येते. नारळाच्या सोडणाच्या धाग्यांची सैल वीण, गोणपाटापेक्षा जाड. आधी उतार सारखा करून गवताचे बी टाकायचे. माथ्यावर चर खणून जाळीचे टोक त्यात पुरायचे, मग गुंडाळी वरून खाली सोडायची, आडवी नव्हे. कडा एकमेकींवर चढवून खुंट्या ठोकायच्या. जाळी मातीला घट्ट चिकटलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली की पाणी खालून वाट काढते, आणि पैसे गेले. थेंबाचा मार जाळी झेलते, पाण्याचा वेग मोडते, ओल धरते. गवत तिच्या भोकांतून वर येते.

काथ्यात लिग्निन 40 टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून तो तागापेक्षा उशिरा कुजतो. दोन-चार पावसाळे निघतात. तोवर मुळांनी माती धरलेली असते. प्लास्टिकची जाळी मात्र काम संपल्यावरही चिंध्या होऊन तिथेच राहते.

हीच जाळी रस्त्याखालीही चालते, आणि रस्त्याखाली कापड घालणे नवे नाही. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनाने 1926 मध्ये सुती कापड वापरून पाहिले, कोलकात्याच्या स्ट्रँड रोडवर 1934 मध्ये ताग गेला. मऊ मातीवर खडी टाकली की ती आत रुतते. मधले कापड दोघांना वेगळे ठेवते आणि पाणी गाळून जाऊ देते. 2020 मध्ये केंद्राने प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात सात राज्यांतल्या 1674 किलोमीटर रस्त्यांसाठी काथ्याची जाळी ठरवली. महाराष्ट्राच्या वाट्याला 328 किलोमीटर आले. आपल्या कोकणात सोडणे जळणाला जातात, हे लक्षात घेतले तर हा आकडा मला लहानच वाटतो.

उतारावरच्या जाळीची अडचण मात्र कागदावरची आहे. विकत घेतलेली वस्तू तीन वर्षांनी नाहीशी होणार, हे कोणत्याही मोजमाप-वहीला रुचत नाही. म्हणून मोजायचे असेल तर जाळी मोजू नये. तिसऱ्या पावसाळ्यानंतर उतारावर गवत किती टिकले ते मोजावे, आणि ठेकेदाराचे शेवटचे बिल तेव्हाच काढावे.