संपकाळातील अस्थायी अध्यापक : ब्रिटनमधील अनुभवाचा विचार

विद्यापीठीय अध्यापकांचा संप म्हटला की, सर्व अध्यापक एकाच पायरीवर उभे आहेत, असे चित्र आपल्या मनात उभे राहते. वस्तुस्थिती तशी नसते. ज्याची नेमणूक कायम आहे आणि ज्याची नेमणूक एका सत्रापुरती किंवा मोजक्या तासांपुरती आहे, त्या दोघांना संपाची सारखीच किंमत द्यावी लागत नाही. ही विषमता कशी उद्भवते व तिचे निवारण कोणत्या मार्गांनी होऊ शकते, याचा विचार ब्रिटनमधील २०१८ ते २०२० या काळातील संपांच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२२ फेब्रुवारी २०१८ रोजी ‘युनिव्हर्सिटी अँड कॉलेज युनियन’ या संघटनेने साठाहून अधिक विद्यापीठांत संपास प्रारंभ केला. १६ मार्चपर्यंत चाललेल्या या संपाचे एकूण दिवस चौदा होते. वाद निवृत्तिवेतनाचा होता. निश्चित निवृत्तिवेतनाची हमी काढून घेऊन ते गुंतवणुकीच्या चढउतारांवर सोपवावे, असा विद्यापीठांचा प्रस्ताव होता.

प्रथम मिळकतीचा विचार करू. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली एका महाविद्यालयातील शिक्षकांच्या दाव्यात असा निर्णय दिला की, त्यांच्यासारख्या वार्षिक वेतनाच्या करारात संपाच्या एका दिवसासाठी वेतनाचा ३६५ वा भाग कापावा. या हिशेबाने चौदा दिवसांच्या संपात वार्षिक वेतनाचा चार टक्क्यांहूनही कमी भाग जातो. आता तासावर वेतन घेणाऱ्या अध्यापकाचे उदाहरण घेऊ. दहा आठवड्यांच्या सत्रात त्याचे सर्व वर्ग सोमवारी असतील, तर २६ फेब्रुवारी, ५ मार्च व १२ मार्च हे त्याचे तीन सोमवार या संपात गेले. म्हणजे त्याच्या सत्राच्या अध्यापन-मिळकतीचा तीन दशांश भाग बुडाला. संप एकच, परंतु एकाच्या बचतीस किंचित झळ लागते, तर दुसऱ्याचे घरभाडे थकते.

दुसरी अडचण भयाची आहे. करार संपल्यावर तो पुन्हा न देणे हीदेखील ब्रिटिश कायद्याच्या दृष्टीने बडतर्फीच होय. आणि २००२ च्या नियमांनुसार, सबळ कारण नसेल तर, सलग चार वर्षांच्या मुदतबंद नेमणुकांनंतर नोकरी कायम मानली जाते. तथापि पुढील वर्षी तास का मिळाले नाहीत, याचे कारण कोणी लिहून देत नाही. ते संपातील सहभागामुळे घडले हे सिद्ध करणे दुष्कर असते. त्यातही जो संशोधक विद्यार्थी असून अध्यापनही करतो, त्याची स्थिती अधिक नाजूक होय. ज्याच्या शिफारसपत्रावर त्याचे भवितव्य अवलंबून आहे, तोच प्राध्यापक कित्येकदा त्याचा तासांचा वाटपकर्ता असतो.

परदेशी अध्यापकांना तिसरीही चिंता होती. विनावेतन अनुपस्थितीचे दिवस ठराविक मर्यादेबाहेर गेल्यास प्रवेशपरवाना धोक्यात येण्याचा संभव होता. ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या भारतीय संशोधकांनाही ही टांगती तलवार परिचयाची होती. जुलै २०१८ मध्ये शासनाने कायदेशीर संपातील अनुपस्थिती या मर्यादेतून वगळण्याचे जाहीर केले.

या अडचणींवर योजलेल्या उपायांपैकी पहिला उपाय संपनिधीचा. संघटनेच्या निधीतून साहाय्य देताना कमी मिळकतीच्या सभासदांना झुकते माप देण्यात आले. हे तत्त्व महत्त्वाचे आहे, कारण सर्वांना समान रक्कम वाटल्याने असमान हानीची भरपाई होत नाही. निधी असणे मात्र पुरेसे नाही. भाड्याची तारीख उलटून गेल्यावर मिळणारे साहाय्य अर्धेच साहाय्य ठरते. म्हणून अर्ज साधा असावा व रक्कम त्वरेने मिळावी.

दुसरा उपाय कायम अध्यापकांच्या आचरणाचा आहे. विद्यापीठाच्या दारावरील पिकेटिंगमध्ये ज्येष्ठांनी पुढे राहावे. बुडालेले वर्ग विनामोबदला भरून काढण्याची अपेक्षा अस्थायी सहकाऱ्याकडून करू नये. तसेच पुढील सत्राचे तास वाटताना संपातील सहभाग विचारात घेतला जाणार नाही, याची ग्वाही विभागप्रमुखाने आधीच द्यावी. यांपैकी एकाही गोष्टीस द्रव्य लागत नाही.

तिसरा उपाय मागण्यांच्या स्वरूपाचा. ज्यास पुढील वर्षीच्या नोकरीचीच शाश्वती नाही, त्याने दुसऱ्याच्या निवृत्तिवेतनासाठी वेतन सोडावे, ही अपेक्षा २०१८ मध्ये काहीशी एकतर्फी होती. नोव्हेंबर व डिसेंबर २०१९ मधील आठ दिवसांच्या आणि फेब्रुवारी व मार्च २०२० मधील चौदा दिवसांच्या संपांत निवृत्तिवेतनाबरोबरच वेतन, समानता, कामाचा बोजा व अस्थायी नेमणुका हेही प्रश्न मागण्यांत समाविष्ट झाले. परस्पर साहाय्य केवळ दानबुद्धीवर नव्हे, तर समान हितसंबंधावर उभे राहिले तरच टिकते, हे यावरून ध्यानी येईल.

महाराष्ट्रातील वाचकास हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. ४ फेब्रुवारी ते १० मे २०१३ या काळात येथील प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला, तेव्हा शासनाने ७१ दिवसांचे वेतन रोखले. रोखलेल्या वेतनासाठी न्यायालयात दाद मागता येते. तासिका तत्त्वावरील अध्यापकाचा न झालेला तास मात्र थकबाकी म्हणून कोणत्याही वहीत शिल्लक राहत नाही; तो नाहीसाच होतो. म्हणून संपाचा ठराव करणाऱ्या प्रत्येक सभेने मतदानापूर्वीच एक प्रश्न स्वतःस विचारणे अगत्याचे आहे : आपल्यापैकी सर्वांत दुर्बल सहकाऱ्याचे पहिल्या महिन्याचे भाडे कोण भरणार? या प्रश्नाचे उत्तर तयार नसेल, तर त्या सहकाऱ्याच्या अनुपस्थितीस भित्रेपणा म्हणण्याचा अधिकारही कोणास नाही.