मोठ्या विमानाला वीज कुठून?

दोन मीटरहून लांब पंखांचं, विजेवर उडणारं रेडिओ-नियंत्रित विमान बांधताना आधी व्होल्टेज ठरवा. 2000 वॉटसाठी 6 सेलच्या लिपो म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीतून (22.2 व्होल्ट) सुमारे 90 अँपिअर खेचले जातात, 12 सेलच्या लिपोतून (44.4 व्होल्ट) 45. प्रवाह निम्मा झाला की त्याच तारेत उष्णतेपोटी वाया जाणारी वीज चौथाईवर येते. मात्र एवढ्या व्होल्टेजला प्लग जोडताना चांगलीच ठिणगी उडते. अँटी-स्पार्क कनेक्टर घ्याच.

रिसीव्हर आणि सर्व्होंची बॅटरी वेगळी ठेवा. काटकसर करण्याची ही जागा नव्हे. मोटर बंद पडली तरी विमान तरंगत उतरवता येतं. रिसीव्हरची वीज गेली की ते कुणाच्याच हातात राहत नाही. म्हणून दोन बॅटऱ्या, दोन स्विच. 2 सेलची लिथियम-आयर्न फॉस्फेट बॅटरी 6.6 व्होल्टची असते. सर्व्हो तेवढं सोसतात का, ते आधी तपासा. विजेच्या मोटरऐवजी पेट्रोल इंजिन असेल तर इग्निशनलाही स्वतंत्र बॅटरी द्या.

उड्डाणात लिपोची 80 टक्क्यांहून जास्त क्षमता वापरू नका. काही दिवस उडवायचं नसेल तर सेलमागे 3.8 व्होल्टवर ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नका.