तंबाखूला चुना कशासाठी?

तळहातावर तंबाखू, नखभर चुना आणि अंगठ्याने मळणं. चुना चवीसाठी असतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होतं, निकोटिन मोकळं होतं आणि तोंडातल्या पातळ आवरणातून झपाट्याने रक्तात शिरतं. (रसायनशास्त्र न शिकता हे ज्याने शोधलं, त्याची कमालच!)

तिथून ते मेंदूत जातं. ॲसिटिलकोलिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनासाठी असलेल्या रिसेप्टरवर (ग्राहीवर) बसून डोपामिन स्रवायला लावतं. डोपामिनला नुसतं 'आनंदाचं रसायन' म्हणणं मला अर्धवट वाटतं. ते मेंदूला शिकवतं, 'हे लक्षात ठेव, पुन्हा कर.' म्हणून जेवण आटोपलं, चहा झाला, एसटी थांबली की हात आपसूक खिशाकडे जातो. रोजच्या माऱ्याने रिसेप्टरची संख्या वाढते. मग पुडी मिळाली नाही की चिडचिड, अस्वस्थता, कामात लक्ष नाही. 'तंबाखूशिवाय डोकं चालत नाही' म्हणणाऱ्याचं डोकं बहुधा तंबाखूनेच अडवलेलं असतं.

२००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एक विलक्षण निरीक्षण मांडलं. मेंदूतल्या 'इन्सुला' या भागाला इजा झालेल्या काही धूम्रपान करणाऱ्यांची सिगारेटची इच्छाच नाहीशी झाली होती! म्हणजे ही ओढ मेंदूतच रुजलेली असते; नुसत्या 'जरा मनावर घे' एवढ्या सल्ल्याने भागत नाही.

तंबाखू सोडल्यावर पहिले काही दिवस सर्वांत जड जातात. वाढलेले रिसेप्टर मात्र काही आठवड्यांत पूर्वपदावर येतात. मदतीसाठी राष्ट्रीय क्विटलाइन आहे, मोफत: १८००-११-२३५६.