औषध गाठीपर्यंत पोचते, रुग्ण औषधापर्यंत केव्हा?

कर्करोगावरील औषध हे दुधारी शस्त्र होय. झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारणे हा त्याचा धर्म. मग ती पेशी गाठीतली असो वा केसांच्या मुळाशी असलेली. डॉक्सोरुबिसिन हे प्रभावी औषध तर हृदयाचे स्नायूही दुबळे करते. म्हणून ते एका मर्यादेपलीकडे देता येत नाही. या पेचातून वाट काढणारे एक साधन म्हणजे लिपोसोम.

पेशींच्या आवरणातील स्निग्ध द्रव्ये पाण्यात मिसळली की त्यांचे आपोआप पोकळ गोल बनतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात दाखविले. या गोलांत औषध भरता येते. केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या हिश्शाएवढे हे गोल निरोगी रक्तवाहिन्यांतून सहसा बाहेर पडत नाहीत. गाठीतील वाहिन्या सच्छिद्र असल्याने तेथे मात्र झिरपतात. साहजिकच हृदयाची हानी घटते. अर्थात हा रामबाण नव्हे. तळहात-तळपायांची त्वचा सोलवटते आणि सर्वच गाठींत औषध सारखे झिरपत नाही. याच मार्गाने जनुके पोचविण्याचे कर्करोगावरील प्रयत्न तर अद्याप प्रामुख्याने चाचण्यांच्याच टप्प्यावर आहेत.

अमेरिकेने असे पहिले कर्करोगविरोधी औषध, डॉक्सिल, १९९५ मध्ये मान्य केले. २०१२ मध्ये तेथे त्याचा तुटवडा पडला, तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्मा कंपनीचे ‘लिपोडॉक्स’ आयात करण्याची तात्पुरती मुभा द्यावी लागली. २०१३ मध्ये या कंपनीच्या औषधाला तेथे रीतसर मान्यताही मिळाली. महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट आहे.

परंतु अमेरिकेची निकड भागविणारे हे औषध जिंतूर, पाथरी वा गंगाखेडच्या रुग्णाला कितपत सुलभ आहे? ते साध्या डॉक्सोरुबिसिनहून महाग. २ ते ८ अंश तापमानात, पण गोठू न देता ठेवावे लागणारे. शिवाय ते काही आठवड्यांच्या अंतराने, पुन्हापुन्हा शिरेतून द्यावे लागते. मुंबईचे टाटा रुग्णालय रात्रभराच्या रेल्वेप्रवासावर. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय जवळचे खरे, तरी प्रत्येक खेपेस रुग्णाची व सोबत्याची मजुरी बुडतेच.

परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. लवकर निदान, शीतसाठा, प्रशिक्षित परिचारिका आणि नियमित औषधपुरवठा यांची भक्कम व्यवस्था तेथे उभी राहिली, तरच या शोधाचा लाभ जिल्ह्याला होईल. गाठीपर्यंतची वाट विज्ञानाने शोधली आहे. गावापर्यंतची वाट शासनानेच बांधावयाची आहे.