लेंडी फोडते गुपित!

जवळ ये, तुला एक गंमत सांगते. हैदराबादला ‘लॅकोन्स’ नावाची प्रयोगशाळा आहे. तिथले शास्त्रज्ञ पिशवीत काय गोळा करतात, ओळख पाहू? फुलं? शिंपले? छे! हरणांच्या लेंड्या!

ई... म्हणून नाक मुरडू नकोस हं! त्या काळ्या गोळ्यांत केवढी गुपितं असतात!

आता पिसोरीच बघ. आपल्या सह्याद्रीतही असते ती. दिसायला इवलंसं हरीण, जेमतेम सशाएवढं! शिंगं नाहीतच. खरं तर ती हरणांची लांबची बहीण. दिवसभर दडून बसते, रात्री बाहेर पडते. भित्री तर इतकी, की पकडायला गेलं तर भीतीनंच जीव जायचा! मग तिच्या पोटात पिल्लू आहे की नाही, कळणार कसं?

शाळेत शिपाईकाका सूचनेची वही घेऊन वर्गावर्गात फिरतात ना? शरीरातही अशा सूचना रक्तातून फिरतात. त्यांना म्हणायचं संप्रेरकं. ‘पिल्लू येतंय, तयारीला लागा!’ ही सूचना देणारं संप्रेरक म्हणजे प्रोजेस्टेरॉन. काम झालं, की त्याचे तुकडे बाहेर पडतात. कशातून? लेंडीतून!

मग लेंडी वाळवायची. मिरपुडीसारखी पूड करायची. ती अल्कोहोलात ढवळायची. गाळ खाली बसला, की वरची निवळ घ्यायची, आजी ताकावरची घेते तशी! त्यात रंग आणणारी रसायनं घालायची. आणि काय गंमत! रंग फिका आला, तर प्रोजेस्टेरॉन भरपूर! चक्क उलटं!

पिसोरीचं पिल्लू सुमारे 5 महिने पोटात वाढतं. आणि ते जन्मल्यावर? अवघ्या काही तासांत आई पुढच्या पिल्लासाठी तयार! काही तासांत! ही वेळ ठाऊक असली, की नराला तिच्याजवळ कधी ठेवायचं ते कळतं. हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयात पिसोऱ्यांचं कुटुंब असं वाढलं, की त्यांतल्या काही तेलंगणातल्या अमराबादच्या जंगलात सोडता आल्या. मला तर हे वाचून टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या!

अगं हो, चितळाचं राहिलंच! नेमकी वेळ साधून लॅकोन्सच्या शास्त्रज्ञांनी नराचं बीज एका चितळ मादीच्या पोटात अलगद पोचवलं. 2006 मध्ये तिला पाडस झालं. अंगभर पांढरे ठिपके! मग नाव काय ठेवलं असेल?

स्पॉटी!