माती साफ झाली, हे कोण सांगणार?

भोपाळहून निघालेले 12 कंटेनर 2 जानेवारी 2025च्या पहाटे इंदूरशेजारच्या पीथमपुरात पोचले. आत वायुदुर्घटनेतल्या युनियन कार्बाइड कारखान्याचा 337 टन विषारी कचरा. आधी जाळून पाहण्याच्या तीन चाचण्या झाल्या, मग ताशी 270 किलोच्या वेगाने जाळत जूनअखेर तो संपवला. गंमत म्हणजे, चुना वगैरे मिसळल्यामुळे उरलेली राख मूळ कचऱ्याहून जड भरली! कारखान्याची दूषित माती मात्र भोपाळातच आहे.

अशी माती ‘साफ’ झाल्याच्या दाखल्यावर सही कोणाची?

अमेरिकेतल्या न्यू जर्सीने 2009च्या कायद्याने ही सही परवानाधारक तज्ज्ञाकडे सोपवली. परवान्यासाठी विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी, 8 वर्षांचा अनुभव आणि परीक्षा लागते. हयगय केली तर परवाना जाऊ शकतो. आपल्याकडे दूषित जागांविषयीच्या जुलै 2025च्या केंद्रीय नियमांनी माती-पाण्याची तपासणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांकडे किंवा ‘संदर्भ संस्थां’कडे, म्हणजे तज्ज्ञ संस्थांकडे, सोपवली आहे.